ओबो, सनई आणि उस्तादाचा पाठ

लग्नाच्या मांडवात सनईवाला तोंडास सनई लावतो न लावतो तोच त्याच्यासमोर चिंचा चोखीत उभी राहणारी व्रात्य पोरे पूर्वी आपल्या वऱ्हाडात गावोगाव असत. चिंच पाहून वादकाच्या तोंडास पाणी सुटावे आणि त्याचा सूर बिघडावा, एवढाच त्यातील डाव. खोडी वाईट खरी. परंतु तिच्या मुळाशी असलेले शास्त्र मात्र खोटे नाही. सनईच्या टोकाशी जी बोटाच्या पेराएवढी पत्ती असते, ती ओलाव्यावरच बोलते आणि ओलावा अधिक झाला की मुकी होते. त्या पत्तीच्या स्वभावाची माहिती पोरांस होती. त्यांच्या वडीलधाऱ्यांपैकी किती जणांनी तिची विचारपूस केली असेल, हा प्रश्न निराळा.

सनईचे एक दूरचे भावंड युरोपात आहे. त्याचे नाव ओबो. या वाद्याचा एखादा नामांकित वादक परक्या गावाहून अथवा परदेशातून संगीत महाविद्यालयात पाहुणा म्हणून येतो, आणि तेथील विद्यार्थ्यांस एकेक करून, परंतु सर्वांच्या समक्ष, पाठ देतो. अशा पाठास ‘मास्टरक्लास’ म्हणतात. आपल्याकडे हल्ली हा शब्द कोणत्याही व्याख्यानास लावण्याची रूढी पडत चालली आहे. परंतु त्याचा मूळ अर्थ व्याख्यान असा नव्हे. व्याख्यानात बोलणारा बोलतो आणि ऐकणारे ऐकतात. येथे आधी विद्यार्थ्यास वाजवून दाखवावे लागते, आणि त्याचे जे चुकेल तेच त्या दिवसाचे क्रमिक पुस्तक. असा पाठ कसा चालतो, त्यात शिकविण्यासारखे काय असते, आणि आपल्या मुलखातील सनईशी त्याचा संबंध कोठे येतो, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावे, असा या लेखाचा हेतू आहे.

पाठ समजण्यास प्रथम वाद्य समजले पाहिजे. झाडाचे कोवळे पान गुंडाळून, त्याचे एक टोक दातांनी चेपून पिपाणी वाजविली नाही, असे खेड्यातील मूल विरळा. चेपलेल्या टोकाशी पानाचे दोन पदर एकमेकांच्या अगदी जवळ येतात. फुंकर घातली की ते मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. या मिटण्या-उघडण्याने वाऱ्याची धार तुटक होते, आणि तीच आपल्या कानास नाद म्हणून ऐकू येते. ओबो आणि सनई या दोहोंचे रहस्य या पिपाणीत आहे. प्रार्थनेच्या वेळी वाजणाऱ्या बाजाच्या पेटीतही पत्त्या असतात. परंतु त्या पितळेच्या असून प्रत्येक सुरास एक वेगळी असते, आणि तिचा सूर कारागिराने कानस लावून कायमचा ठरवून दिलेला असतो. पेटी वाजविणाराचे ओठ त्या पत्तीस कधीच लागत नाहीत. ओबोला मात्र एकच दुहेरी पत्ती, आणि तिच्याचकडून सगळे सूर वदवून घ्यावयाचे. ओठांचा दाब केसभर वाढला की सूर चढतो, केसभर सैल झाला की उतरतो. म्हणून पेटीवर सूर काढणे हे पहिल्या दिवसाचे काम, तर ओबोवर एक सूर स्थिर धरणे हे कित्येक महिन्यांचे काम असते.

पत्तीच्या पुढे लाकडाची नळी. ओबोची नळी सुमारे ६५ सेंटिमीटर लांब असते, आणि सनईप्रमाणेच ती आतून वरच्या टोकास अगदी अरुंद व खाली रुंद होत गेलेली असते. तिचे लाकूड बहुधा आफ्रिकेतील काळ्या, जड जातीचे असते. सनईवर सात-आठ भोके असतात व ती बोटांनीच झाकावयाची. ओबोवर चांदीच्या मुलाम्याच्या चाव्यांचे दाट जाळे असते. १९ व्या शतकात पॅरिस येथील त्रिएबेर नावाच्या कारागीर घराण्याने या चाव्यांची मांडणी पुष्कळ सुधारली. त्यामुळे ओबोवर प्रत्येक सूर नेमका व वेगळा निघतो. सनईवाला मात्र बोट अर्धवट उचलून एका सुरातून दुसऱ्या सुरात असा ओघळत जातो की मध्ये सांधा दिसत नाही. एकाने नेमकेपणा मिळविला, दुसऱ्याने मींड राखली. दोघांनी काहीतरी सोडून काहीतरी घेतले आहे, असेच म्हणावे लागते.

या वाद्याचे गोत्र मोठे आहे. पश्चिम आशियातील सुरनाई, चीनमधील सुओना, तिबेटी मठांतील ग्यालिंग, दक्षिणेतील नागस्वर, आणि आपली सनई ही सर्व एकाच कुळीतील. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेस पैनगंगा ओलांडली की आदिलाबादकडील राजगोंडांत दंडारीच्या नाचाबरोबर ‘पेपरे’ नावाचे असेच वाद्य वाजते. युरोपातही मध्ययुगात या कुळीचे एक कर्कश वाद्य जत्रेत व मिरवणुकीत वाजत असे. १७ व्या शतकाच्या मध्यास फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या पदरी असलेल्या वादकांनी व ओतेतेर घराण्यातील कारागिरांनी त्यास दिवाणखान्यात बसण्याजोगे मृदू केले, आणि ओबो जन्मास आला. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ मात्र अजून ‘उंच आवाजाचे लाकूड’ असाच आहे! मैदानातील वाद्य दरबारात आले, तरी नाव मैदानातीलच राहिले.

आज पाश्चात्य वाद्यवृंदात ओबोवाल्यास एक विशेष मान आहे. साठ-सत्तर, कधी शंभर वादक आपापली वाद्ये घेऊन बसले म्हणजे प्रथम ओबोवाला एक सूर लावतो, आणि बाकीचे सर्वजण त्याच्याशी आपले सूर मिळवून घेतात. तो सूर म्हणजे सेकंदास ४४० कंपनांचा. १९३९ साली लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हे प्रमाण ठरले. ओबोचा आवाज टोकदार असल्यामुळे गलबल्यातूनही ऐकू येतो, आणि तंतुवाद्याच्या खुंटीप्रमाणे त्याचा सूर ऐन वेळी पिळून हवा तसा वरखाली करता येत नाही. जो स्वतः फारसा बदलू शकत नाही, त्याच्याशी इतरांनी जुळवून घ्यावयाचे, असा हा सोयीचा कायदा आहे.

आता पत्तीकडे परत येऊ. कारण ओबोवाल्याचे अर्धे आयुष्य तिच्यातच जाते. आपले आजोबा-पणजोबा ज्या बोरूने लिहीत, त्याच्याच जातीचा एक उंच नळ दक्षिण फ्रान्सच्या समुद्रकाठी, व्हार नावाच्या प्रांतात होतो. तो कापून, पुष्कळ काळ वाळवून, त्याच्या पातळ चिरफळ्या करतात. चिरफळी आतून कोरावयाची, दुमडावयाची, पितळेच्या बारीक नळीवर दोऱ्याने घट्ट बांधावयाची, मग दुमड कापून दोन पाती वेगळ्या करावयाच्या, आणि धारदार चाकूने ती पाती इतकी तासावयाची की उजेडात धरली असता मध्यभाग गडद व कडा पारदर्शक दिसाव्यात. तासण्यात कागदाच्या जाडीपेक्षाही कमी फरक पडला तर आवाज घोगरा होतो किंवा निघतच नाही. इतके करून ती पत्ती काही दिवस, फार तर काही आठवडे चांगली वाजते. मग दुसरी. बाजारात तयार पत्त्या मिळतात, परंतु कसलेले वादक बहुधा स्वतःच्याच हातची पत्ती वापरतात. कारण प्रत्येकाचे ओठ, दात व श्वास वेगळे. बोरू ज्याचा त्याने तासावा, दुसऱ्याने तासलेल्या बोरूने अक्षर वळणदार येत नाही, असे जुने पंतोजी सांगत. त्यातलाच हा प्रकार. आपल्या सनईची पत्ती गवताच्या अथवा ताडाच्या पातीची करतात, आणि तीही करण्याचे कसब वादकाच्याच घरात असते.

श्वासाची गोष्ट तर याहूनही चमत्कारिक आहे. बासरी वाजविणाराचा श्वास लवकर संपतो, हे आपण पाहतो. ओबोवाल्याचे उलटे होते. पत्तीचे तोंड इतके अरुंद की छातीतील वारा बाहेर जाण्यास वाटच पुरत नाही. गाण्याची ओळ संपते, आणि छाती मात्र शिळ्या वाऱ्याने भरलेलीच असते. तेव्हा नवा श्वास घेण्यापूर्वी जुना सोडावा लागतो. आणि दोन ओळींमधील क्षणात ही दोन्ही कामे करावयाची. नवशिका विद्यार्थी घाबरून श्वासावर श्वास घेत सुटतो, त्याचा चेहरा लाल होतो, कपाळाच्या शिरा फुगतात, आणि आपणास श्वास कमी पडला असे तो समजतो. त्यास कमी काहीच पडलेले नसते; सोडावयाचे राहिलेले असते. दुसरी एक युक्ती सनईवाल्यांस परंपरेने ठाऊक आहे: गाल फुगवून त्यांत वारा साठवावयाचा, तो गालांनी पत्तीत ढकलीत असतानाच नाकाने नवा श्वास घ्यावयाचा, म्हणजे सूर तुटतच नाही. मुख्य सनईवाल्याच्या शेजारी बसून जो साथीदार तासन्‌तास एकच आधारसूर धरतो, तो याच युक्तीवर धरतो. पाश्चात्य वादकही आता ही विद्या शिकतात.

ओठ, पत्ती आणि श्वास या तिन्ही गोष्टी अशा की त्या कागदावर लिहिता येत नाहीत. सूर लिहिता येतो, ताल लिहिता येतो. परंतु पोटाचा कोणता स्नायू केव्हा आवळावा, हे पाहणाराने पाहून, ऐकणाराने ऐकूनच सांगावे लागते. म्हणून ही विद्या पुस्तकापेक्षा माणसाकडून माणसाकडे जाते, आणि म्हणूनच पाहुण्या उस्तादाच्या पाठास एवढे महत्त्व.

ज्या संस्थांतून असे पाठ होतात, त्यांच्या ‘कॉन्झर्व्हेटरी’ या नावाचा इतिहास आपल्यासारख्या वसतिगृहाच्या शाळेतील वाचकांनी मुद्दाम ध्यानात घेण्यासारखा आहे. इटालियन भाषेत त्या शब्दाचा अर्थ सांभाळ करण्याची जागा, म्हणजे अनाथाश्रम. नेपल्स व व्हेनिस येथील अनाथाश्रमांत पोरक्या मुलामुलींस उपजीविकेसाठी गाणे-वाजविणे शिकवीत, आणि ते शिक्षण इतके उत्तम झाले की पुढे अनाथाश्रम हा अर्थ मागे पडून संगीतशाळा हाच अर्थ रूढ झाला. व्हेनिसमधील ‘पिएता’ या मुलींच्या आश्रमात १७०३ सालापासून अंतोनिओ व्हिवाल्दी हा धर्मगुरू शिकवीत असे. त्याने ओबोसाठी अनेक रचना केल्या आहेत. पुढे १७९५ साली, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, पॅरिस येथे सरकारी कॉन्झर्व्हेटरी स्थापन झाली, आणि तिच्या नमुन्यावर इतर देशांत संस्था निघाल्या.

सर्वांसमक्ष पाठ देण्याच्या प्रथेस नाव मिळाले ते मात्र पियानोवादक फ्रान्झ लिस्ट याच्यामुळे. १८६९ पासून १८८६ मध्ये निधन होईपर्यंत तो उन्हाळ्यात जर्मनीतील वायमार येथे राही. देशोदेशीचे तरुण वादक त्याच्या घरी जमत, आपापल्या स्वरलिपीच्या वह्या पियानोवर ठेवीत. लिस्ट त्यांतील एखादी उचली, ज्याची असेल त्यास वाजवावयास बसवी, आणि बाकीचे भोवती उभे राहून ऐकत. या शिकवणीबद्दल तो पैसे घेत नसे. एकास सांगितलेले दहा जणांनी ऐकावे, हीच त्या पद्धतीची मुख्य कल्पना, आणि ती आजही तशीच आहे.

ओबोवादकाचा पाठ साधारणतः असा चालतो. छोटे सभागृह; व्यासपीठावर पियानो, त्यावर साथीदार; समोर विद्यार्थी व त्यांचे नेहमीचे शिक्षक. तीन-चार विद्यार्थी आधीच निवडलेले असतात व प्रत्येकास अर्धा-पाऊण तास मिळतो. पहिला विद्यार्थी येतो. पेल्यातील पाण्यात भिजत ठेवलेली पत्ती काढतो, वाद्यास लावतो, आणि मोत्सार्टने १७७७ साली रचलेल्या ओबोच्या कॉन्चेर्टोचा पहिला भाग वाजवितो. या रचनेत प्रवेशानंतर लगेच एक सूर फार वेळ धरून ठेवावा लागतो व खालून वाद्यवृंद चालत राहतो. तेथेच बहुतेकांची परीक्षा होते. उस्ताद मध्ये बोलत नाही. सारे ऐकून घेतो, एखादा बरा शब्द बोलतो, आणि मग म्हणतो, “तो लांब सूर पुन्हा. फक्त तोच.”

येथपासून पाठ सुरू होतो. सूर धर, हळूहळू वाढव, हळूहळू कमी कर, पण उंची हलू देऊ नकोस. जमत नाही. मग वाद्य खाली ठेवून ती ओळ गाऊन दाखव. विद्यार्थी लाजतो, गातो. गाताना ओळ नीट येते. “तुझ्या गळ्यास ठाऊक आहे, मग ओठांस का नाही?” मग श्वास. खांदे वर का जातात? ओळीच्या शेवटी आधी सोड, मग घे. पुढे पत्ती. उस्ताद विद्यार्थ्याची पत्ती मागून घेतो, दिव्यासमोर धरून पाहतो, खिशातील चाकू काढून कडेवर दोन अलगद फटकारे देतो, आणि कित्येकदा ती स्वतःच्या ओठांत धरून वाजवून पाहतो. मग परत देतो. विद्यार्थी तोच सूर पुन्हा काढतो, आणि सभागृहातील सर्वांस फरक ऐकू येतो. या क्षणासाठीच सारे जमलेले असतात.

सगळेच पाठ इतके फलदायी होतात असे नाही. कित्येक मोठे वादक शिकविण्यास येतात आणि स्वतःच वाजवीत राहतात. टाळ्या होतात, विद्यार्थ्यांच्या पदरात काही पडत नाही. कोणी श्रोत्यांस हसविण्यासाठी विद्यार्थ्याची नक्कल करतो. हे पाप आहे. चारचौघांत चूक दाखविण्याचा अधिकार ज्याने घेतला, त्याने ती चूक विद्यार्थ्याची न ठेवता वाजविण्याची करून टाकली पाहिजे, म्हणजे ऐकणाऱ्या प्रत्येकास ती आपली वाटते. दुसरे एक पथ्य नेहमीच्या शिक्षकाबाबतचे. तो समोरच बसलेला असतो. वर्षभर त्याने जे सांगितले तेच पाहुण्याने एका वाक्यात सांगितले की विद्यार्थ्यास ते प्रथमच कळल्यासारखे वाटते! यात शिक्षकाने विषाद मानू नये. वर्षभराच्या नांगरणीशिवाय ते एक वाक्य रुजले नसते. अर्ध्या तासात कोणी ओबो शिकत नाही. परंतु पुढील वर्षभर काय करावयाचे हे अर्ध्या तासात कळू शकते, असे आमचे मत आहे.

पाश्चात्य संगीत छापील स्वरलिपीवर चालते म्हणून त्यात गुरुपरंपरा नाही, असा आपल्याकडे एक समज आहे. ओबोचा इतिहास पाहता तो टिकत नाही. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत जॉर्ज झिये या आचार्याने १९ व्या शतकाच्या अखेरीपासून १९१९ पर्यंत ओबो शिकविला. त्याचा शिष्य मार्सेल ताब्युतो (१८८७–१९६६) हा १९०५ साली अमेरिकेस गेला, १९१५ पासून १९५४ पर्यंत फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदात मुख्य ओबोवादक होता, आणि तेथील कर्टिस संगीत विद्यालयात शिकवीत असे. त्याचा दरारा मोठा. ओळीतील प्रत्येक सुरास तो एक अंक देई. लहान अंक म्हणजे कमी जोर, मोठा अंक म्हणजे अधिक. विद्यार्थ्याने ओळ वाजविताना ते अंक मनात मोजावयाचे, म्हणजे ओळ कोठे चढते व कोठे उतरते याचा विसर पडत नसे. अमेरिकेतील पुढील पिढ्यांचे किती तरी ओबोवादक याच अंकांवर वाढले.

ताब्युतोच्या शिष्यांपैकी जॉन डी लॅन्सी याची हकीकत सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात होता. १९४५ साली युद्ध संपले तेव्हा त्याची नेमणूक दक्षिण जर्मनीत होती, आणि जवळच गार्मिश गावी ऐंशी ओलांडलेला संगीतकार रिचर्ड स्ट्राउस राहत होता. डी लॅन्सी त्यास भेटावयास गेला. स्ट्राउसच्या अनेक रचनांत ओबोस सुंदर ओळी आहेत. तेव्हा त्याने भीतभीत विचारले की केवळ ओबोसाठी एखादा कॉन्चेर्टो लिहावा असे आपल्या मनात कधी आले नाही काय? म्हाताऱ्याने “नाही” एवढेच उत्तर दिले, आणि विषय संपला. परंतु प्रश्न मनात राहिला असावा. त्याच वर्षी स्ट्राउसने ओबोचा कॉन्चेर्टो लिहिला, आणि १९४६ च्या फेब्रुवारीत झुरिक येथे तो प्रथम वाजला. आरंभीच ओबोस पन्नासाहून अधिक मात्राखंड विसावा न घेता वाजवावे लागते. श्वासाविषयी वर जे लिहिले त्याची ही जणू कसोटीच! अमेरिकेतील पहिला प्रयोग डी लॅन्सीने करावा अशी स्ट्राउसची इच्छा होती. परंतु तोवर तो फिलाडेल्फियात ताब्युतोच्या हाताखाली दुय्यम जागी रुजू झाला होता, आणि मुख्य वादकाला डावलून दुय्यमाने पुढे यावे हे रीतीत बसत नव्हते. तो मान दुसऱ्याकडे गेला. गुरूच्या निवृत्तीनंतर १९५४ साली डी लॅन्सी मुख्य वादक झाला, पुढे कर्टिस विद्यालयाचा प्रमुखही झाला. आणि ज्या रचनेस त्याच्या एका प्रश्नाने जन्म दिला, तिची ध्वनिमुद्रिका त्याने केली ती १९८७ साली.

आपल्या प्रांतात ओबो ऐकावयाचा तर मुंबईस जावे लागते. तेथे मेहली मेहता यांनी १९३५ साली बाँबे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता पुढे व्हिएन्नास शिकून जगप्रसिद्ध वाद्यवृंदसंचालक झाले. २००६ साली नरिमन पॉइंट येथील नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापिला. व्हायोलिन व पियानो शिकविणारे मुंबईत व गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ओबोचे तसे नाही. वाद्य महाग, नळ परदेशातला, आणि युरोपच्या कोरड्या थंडीत उत्तम बोलणारी पत्ती मुंबईच्या दमट हवेत फुगून बसते. त्यामुळे हंगामापुरते येणारे परदेशी वादक हाच येथील होतकरूंचा मोठा आधार. पाहुण्याचा एक तास त्यांस किती मोलाचा वाटत असेल, हे यावरून कळेल.

आणि सनई? तिला नळ परदेशातून आणावा लागत नाही, हवा तिच्या अंगवळणी आहे, उस्ताद गावातच आहे. तरी तिच्या विद्येची स्थिती पाहिली म्हणजे मन अस्वस्थ होते. कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ साली मुंबईस आणले, आणि घराण्याच्या कुलुपातील गाणे फळ्यावर लिहून सर्वांस शिकविण्याचा मार्ग मोकळा केला. पंडित भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ साली लखनौस संगीत महाविद्यालय निघाले. गाणे, सतार, तबला, पेटी यांस वर्ग मिळाला, परीक्षा मिळाल्या, भल्या घरच्या मुलामुलींस ती शिकण्यात भूषण वाटू लागले. सनई मात्र बहुतांशी वादकांच्या घरातच राहिली. काशीचे उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) आपले मामा अलीबक्ष यांच्यापाशी शिकले, १९३७ साली कलकत्त्याच्या संगीत परिषदेत गाजले, आणि सनईस मांडवातून मैफलीत घेऊन गेले. २००१ साली त्यांस भारतरत्न मिळाले. आपल्याकडे पुण्याचे शंकरराव गायकवाड यांनी सनईच्या तबकड्या घरोघर पोहोचविल्या. सोलापूरच्या जाधव घराण्याने सनईहून आखूड अशी ‘सुंदरी’ पुढे आणली, आणि पंडित सिद्राम जाधव यांनी तिला नाव मिळवून दिले. ही सर्व मंडळी आपल्या घरात शिकली, कोणत्या वर्गात नव्हे.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. ओठांनी वाजवावयाचे वाद्य, म्हणजे थुंकी आली. आणि थुंकी आली की विटाळ आला. म्हणून हे काम गुरव, घडशी, मातंग अशा जातींकडे लोटले गेले. मंगल कार्य सनईवाचून होत नसे, परंतु सनईवाल्याची जागा मांडवाच्या कडेला आणि पान शेवटच्या पंगतीत. पॅरिसचा आचार्य शिष्याची ओली पत्ती सर्वांदेखत स्वतःच्या ओठांत धरतो, ही गोष्ट वर सहज सांगून गेलो. तिचा अर्थ आपल्या मुलखात उभे राहून पाहिला म्हणजे वेगळाच लागतो. पुढे लग्नांत बँडबाजा आला, त्यात सनईच्या जागी क्लॅरिनेट आले. मग ध्वनिमुद्रिका आल्या. आता पुष्कळ लग्नांत सनई वाजते ती बिस्मिल्ला खाँ यांची, यंत्रातून. आणि त्याच गावचा सनईवाला मजुरीस गेलेला असतो. त्याचा मुलगा कदाचित आपल्याच एखाद्या शाळेत असेल, आणि बाप काय करतो हे सांगावयास लाजत असेल.

पुसद, दारव्हा, वणी, उमरखेड या भागांत जी वाजंत्री मंडळी अजून आहेत, त्यांच्यापैकी एखाद्या वृद्ध सनईवाल्यास संगीताच्या तासास शाळेत बोलावणे, त्यास खुर्ची देणे, आणि ‘सूर लावून दाखवा’ म्हणणे, यास खर्च फारसा येणार नाही. मुलांनी काय विचारावे हे वर आलेच आहे: आधारसूर धरणारा श्वास केव्हा घेतो, मींड काढताना बोट किती उचलावे लागते, पत्ती किती दिवस टिकते, पावसाळ्यात ती कशी राखतात. ही उत्तरे बहुधा कोठे लिहिलेली सापडणार नाहीत.

वाद्य हातात घेऊन पाहण्यास मिळाले तर त्याच्या गळ्याकडे लक्ष द्यावे. तेथे दोऱ्याने जास्तीच्या दोन-तीन पत्त्या बांधलेल्या असतात, आणि त्यांबरोबर पत्तीचे तोंड सारखे करण्याची एक बारीक सळई लोंबत असते. ओबोवाल्याच्या पेटीतही मखमलीत खोवलेल्या पाच-सहा पत्त्या, एक चाकू, आणि नळीतील ओल टिपण्यासाठी पक्ष्याचे एक लांब पीस असते.